दातांचा डॉक्टर व्हायचंय? मग दहावीतच बसून बोला

वणी तालुक्यातल्या राजूरला येणाऱ्या माणसाला दोन गोष्टी लगेच दिसतात, कोळसा आणि चुना. खाणीमुळे या गावाला आजही कित्येक जण ‘राजूर कॉलरी’ म्हणूनच ओळखतात आणि चुनाभट्ट्या तर इथल्या ओळखीचाच भाग आहेत. तिसरी गोष्ट दिसायला मात्र समोरच्याने तोंड उघडावे लागते.

यवतमाळ जिल्ह्याच्या बऱ्याच भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. कायमचे दात जबड्याच्या आत घडत असतात त्या वयात, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, जादा फ्लोराइड पोटात गेले तर दातांवर पांढरे किंवा तपकिरी डाग उमटतात आणि ते ब्रशने जात नाहीत. याच्या जोडीला खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली ही पुडी विदर्भात शाळकरी मुलांच्या खिशातही सापडते. सुपारीने गालाची आतली त्वचा ताठर होत जाते आणि एक दिवस तोंडात तीन बोटे उभी जात नाहीत. या आजाराचे नाव ओरल सबम्युकस फायब्रोसिस. त्यातल्या काहींना पुढे कर्करोग होतो.

तेव्हा राजूर-वणीच्या पट्ट्यातल्या एखाद्या मुलीने ‘मला दातांची डॉक्टर व्हायचंय’ म्हटले, तर तिला ‘एमबीबीएस नाही मिळालं तर बघू’ असे उत्तर देऊ नये. बीडीएस हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर import्षभराची इंटर्नशिप असा पाच वर्षांचा स्वतंत्र रस्ता आहे. तो उरलेल्यांसाठी ठेवलेला नाही.

दार मात्र एकच आहे, नीट. शासकीय असो, खासगी असो की अभिमत विद्यापीठ, बीडीएससाठी वेगळी परीक्षा नाही. १८० प्रश्न, ७२० गुण. त्यातले निम्मे, म्हणजे ९० प्रश्न जीवशास्त्राचे, उरलेले भौतिक आणि रसायनशास्त्राचे. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकले तर १ वजा. २०२५पासून वेळ १८० मिनिटे झाली आणि पर्यायी प्रश्न गेले. एका प्रश्नाला एक मिनिट, त्यातच गोल रंगवायचा.

इथे पालकांचा हमखास होणारा एक गोंधळ सांगतो. खुल्या वर्गासाठी पात्रता ५० पर्सेंटाइल असते, ५० टक्के नव्हे. पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या मागे किती जण आहेत, त्याचा हिशेब. आणि पात्र होणे म्हणजे जागा मिळणे नव्हे. शासकीय दंत महाविद्यालये नागपूर, मुंबई आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत, शिवाय मुंबईत महापालिकेचे नायर. तिथल्या जागांसाठी पात्रतेच्या रेषेपेक्षा बरेच वर असावे लागते.

‘लवकर तयारी’ म्हटले की आपल्याकडे लगेच सहावीपासूनचा फाउंडेशन वर्ग डोळ्यांसमोर येतो. माझ्या मते त्याची गरज नाही. बारा वर्षांच्या मुलाला ओएमआर शीट भरायला शिकवून दंतवैद्य घडत नाही. दहावीत मात्र घरात बसून नीट बोलायला हवे, कारण काही निर्णय तेव्हाच होतात आणि नंतर सहज फिरवता येत नाहीत.

पहिला निर्णय विषयांचा. अकरावीला जीवशास्त्र घेतले नाही तर पुढची वाट अवघड होते. दुसरा निर्णय गावाचा, आणि त्यात फसलेली घरे बरीच आहेत. राज्याच्या ८५ टक्के कोट्यातून प्रवेश हवा असेल तर, काही अपवाद सोडता, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण व्हावे लागते. वणीहून तेलंगणाची हद्द जवळ. हैदराबादचे वर्ग खुणावतात, कोटाचे तर खुणावतातच. तिथे राहून बारावीचा फॉर्मही तिथूनच भरला, की मुलगी नीटमध्ये चांगले गुण मिळवूनही आपल्याच राज्यात परकी ठरते. वर्ग कुठलाही लावा, पण बारावीचे प्रमाणपत्र कुठले येणार, ते आधी विचारा.

तिसरे काम कागदांचे. अधिवास, नॉन-क्रिमीलेअर, जात प्रमाणपत्र आणि जात वैधता. वैधतेसाठी आजोबा-पणजोबांच्या काळातले दाखले शोधावे लागतात आणि ते कधी दुसऱ्याच तालुक्यातल्या शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये निघतात. हे काम अकरावीत सुरू करावे. निकालानंतर धावपळ करणाऱ्यांचे हाल दर जूनमध्ये दिसतात. मुलींच्या पालकांनी आणखी एक लक्षात ठेवावे. २०२४-२५पासून राज्याने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ केले आहे. अभिमत विद्यापीठे आणि व्यवस्थापन कोटा त्यात येत नाहीत.

आता अभ्यास. नीट एनसीईआरटीच्या अंगाने जाते, त्यामुळे राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याने ती पुस्तके अकरावीच्या पहिल्या दिवसापासून सोबत ठेवावीत. मराठी माध्यमातून आलेल्यांची अडचण वेगळी. दहावीपर्यंत ‘प्रकाशसंश्लेषण’ आणि जूनपासून एकदम ‘फोटोसिंथेसिस’. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, पण भाषा फॉर्म भरतानाच निवडायची असते, पुस्तिका इंग्रजी-मराठी अशी दुहेरी असते आणि शंका आली तर इंग्रजी मजकूर अंतिम. म्हणून दहावीच्या सुट्टीत रोज दहा शब्दांची दोन्ही भाषांतली वही करावी. खर्च एका वहीचा.

आणि वाचायचे कसे? २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे गट केले. एकाने तोच उतारा चार वेळा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. पुस्तक पिवळ्या पेनाने रंगवले की अभ्यास झाल्यासारखा वाटतो, तो याच पाच मिनिटांच्या भ्रमामुळे. धडा मिटून कोऱ्या कागदावर आठवा, अडेल तिथे उघडा. असाच धडा चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी. अशा फेऱ्यांना दिवस लागतात आणि लवकर सुरुवात करायची ती त्यासाठी. शेवटच्या दोन महिन्यांत हे अंतर ठेवायला जागाच नसते.

झोपेवर कात्री लावू नका. तेरा ते अठरा वयाला रात्री आठ ते दहा तास झोप लागते आणि दिवसा वाचलेले मेंदूत पक्के होण्यात तिचा वाटा असतो. नीट मेच्या सुरुवातीला, दुपारी दोन ते पाच या वेळेत होत आली आहे. आपल्याकडचा मे कसा असतो, ते वेगळे सांगायला नको. म्हणून सराव परीक्षा सकाळच्या गारव्यात देऊन उपयोग नाही. एप्रिलमधल्या काही तरी दुपारी दोनलाच बसावे, आदल्या रात्रीपासून पुरेसे पाणी पिऊन.

एक गंमत आहे. मानवी दातांची रचना, दंतसूत्र हे सगळे ज्या ‘पचन आणि शोषण’ प्रकरणात होते, ते २०२४पासून नीटच्या अभ्यासक्रमातूनच गेले. दातांच्या डॉक्टरकीची परीक्षा आणि त्यात दातच नाहीत! हाताचे कसबही ही परीक्षा तपासत नाही. कॅनडात दंत प्रवेशासाठी बरीच वर्षे साबणाची वडी कोरून दाखवावी लागे. अमेरिकेच्या परीक्षेत आकृत्या मनातल्या मनात फिरवून ओळखण्याचा स्वतंत्र भाग आहे. आपल्याकडे विद्यार्थ्याला आपला हात कसा चालतो, हे पहिल्या वर्षी मेणाचा ठोकळा कोरून दात बनवायला बसल्यावर कळते.

ते दहावीच्या सुट्टीत घरीही कळू शकते. धुण्याच्या साबणाची एक वडी घ्यावी, बोथट चाकू घ्यावा आणि खालची पहिली मोठी दाढ कोरून पाहावी. तिला पाच उंचवटे असतात, तीन गालाच्या बाजूला, दोन जिभेच्या. आधी आरशात तोंड उघडून मोजून घ्यावेत.