वासरांची पांढरी हगवण : जंतूची पकड व त्याचें विष

नव्या व्यालेल्या गाईच्या चिकाचा खरवस ज्या घरीं होतो, त्या घरीं आनंद असतो. परंतु त्याच घरच्या गोठ्यांत तिसऱ्या-चौथ्या दिवशीं वासरूं पांढरें-पिवळें पातळ हगून मरून पडतें, हेंही आपणांपैकीं अनेकांनीं पाहिलें असेल. या दोन गोष्टींचा एकमेकींशीं संबंध असूं शकतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. मी पशुवैद्य नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला व आतां दोन गाई सांभाळणारा एक साधा मनुष्य आहें. परंतु स्वतःच्या चुकीनें एक कालवड गमावल्यावर या रोगाची जी माहिती मीं मिळविली, ती शेतकरी बंधूंपुढें ठेवणें हें माझें कर्तव्य समजतों.

वासरांची हगवण अनेक कारणांनीं होते. तथापि जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत होणाऱ्या हगवणीचें एक मोठें कारण म्हणजे कोलाय नांवाचा जंतु होय. थिओडोर एशेरिख या वैद्यानें लहान मुलांच्या मळांत तो शोधून १८८५ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें, म्हणून त्यास एशेरिशिया कोलाय असें म्हणतात. तो इतका सूक्ष्म असतो कीं, असे सुमारें ५०० जंतु एकापुढें एक मांडले तर एक मिलिमीटर लांबी भरावी. या जातीचे बहुतेक जंतु मनुष्याच्या व जनावरांच्या आंतड्यांत कांहींएक अपाय न करितां राहतात. मग त्यांतील थोडेच घातक कां होतात? तर त्यांच्यापाशीं दोन हत्यारें अधिक असतात : एक पकडीचें व दुसरें विषाचें.

प्रथम पकडीचा विचार करूं. आंतडें हा एक वाहता पाट आहे. जो जंतु तेथें कशास तरी धरून राहत नाहीं, तो शेणाबरोबर वाहून जातो. घातक कोलायच्या अंगावर केसाहून कितीतरी पटींनीं बारीक असे असंख्य तंतु असतात. वासरांच्या या रोगांत आढळणाऱ्या तंतूंस शास्त्रज्ञ के-९९ किंवा एफ-५ असें नांव देतात. लहान आंतड्याच्या अस्तरावरील पेशींवर शर्करायुक्त असे कांहीं घटक असतात. कुलपांत किल्ली बसावी तसे हे तंतु त्या घटकांवर नेमके बसतात व जंतु तेथें घट्ट चिकटतो. नवजात वासराच्या आंतड्यांत हीं कुलपें विपुल असतात; दिवस जातात तशीं तीं कमी होतात. म्हणूनच आठवडाभराच्या वासरास हा जंतु सहसा बाधत नाहीं. एकदां पकड बसली कीं जंतु तेथेंच वाढूं लागतो. अनुकूल स्थितींत वीस-पंचवीस मिनिटांत एकाचे दोन होतात. तेव्हां एका रात्रींत आंतड्याचें अस्तर त्यांनीं कसें भरून जात असेल, याची कल्पना करावी.

पकड पक्की झाली कीं विष सुटूं लागतें. जंतु चिकटून बसलेला असल्यामुळें हें विष प्रवाहांत विरून न जातां थेट पेशीच्या दारांत पडतें. हें विष आकारानें अतिशय लहान असून कांहीं वेळ उकळल्यानेंही नाहींसें होत नाहीं. तें पेशीस मारीत नाहीं. तिच्या पृष्ठावरील एका घटकास चिकटून आंत चुकीचा हुकूम धाडतें. निरोगी पेशी आंतड्यांतील मीठ व पाणी शरीरांत ओढून घेतात. या हुकुमानें मिठाची आवक कमी होते, क्षार उलट बाहेर सुटूं लागतात व त्यांच्यामागून शरीरांतील पाणी आंतड्यांत उतरतें. पाटाचें दारें फोडून मळ्याचें पाणी ओढ्यास सोडावें, तशी ही गत होते. २५ किलो वजनाच्या वासराचें अडीच किलो पाणी गेलें, म्हणजे डोळे खोल जातात, चिमटीनें ओढलेली कातडी लवकर सपाट होत नाहीं, तोंड व पाय गार पडतात, आणि त्वरित उपाय न झाल्यास वासरूं दगावतें.

जंतु नसतांही केवळ त्याच्या विषानें असें होऊं शकतें, हें आपल्याच देशांत सिद्ध झालें आहे. १९५९ सालीं कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनीं पटकीचे जंतु वाढविलेला द्रव गाळून जंतुरहित केला व तो सशाच्या बांधलेल्या आंतड्यांत घातला. तरी आंतडें पाण्यानें फुगलें. पटकीचा जंतु निराळा व त्याचें विषही निराळें. परंतु पेशीस फसवून पाणी बाहेर काढविण्याची रीत बरीचशी सारखीच आहे.

पटकीवरील उपायांतूनही आपणांस एक धडा मिळतो. मिठाची एक वाट बंद पडली तरी ग्लुकोजच्या जोडीनें मीठ आंत घेणारी दुसरी वाट चालूच राहते. १९७१ सालीं बनगांव येथील निर्वासितांच्या छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ व ग्लुकोज यांचें पाणी पाजून पटकीच्या असंख्य रोग्यांचे प्राण वाचविले. वासरासही हाच उपाय लागू पडतो. मात्र उसाची साखर किंवा गूळ वासरास उपयोगी नाहीं. ती साखर फोडणारा पाचकरस त्याच्या आंतड्यांत नसतो, व न पचलेल्या साखरेनें हगवण वाढण्याचा संभव असतो. म्हणून पशुवैद्याकडून ग्लुकोज व क्षार यांची तयार पूड आणून ठेवावी.

परंतु मुख्य उपाय पकड बसण्यापूर्वींचा आहे, व तो म्हणजे चीक. गाईच्या गर्भाशयांतून वासरास रोगप्रतिकारक द्रव्यें मिळत नाहींत. तें जवळजवळ रिकाम्या हातांनीं जन्मास येतें. तीं द्रव्यें चिकांत असतात. तंतूंविरुद्ध असलेलीं द्रव्यें जंतूच्या तंतूंस वेढून टाकतात. मग किल्ली कुलपांत बसतच नाहीं व जंतु वाहून जातो. विष मात्र इतकें लहान असतें कीं, त्याविरुद्ध शरीर आपण होऊन असें द्रव्य बनवीत नाहीं. म्हणून विष सुटल्यावर धांवण्यापेक्षां पकडच बसूं न देणें हेंच शहाणपण. हीं द्रव्यें आंतड्यांतून रक्तांत घेण्याची वासराची शक्ति तासागणिक घटते व सुमारें २४ तासांनीं संपते. कचेरींत मुदतीनंतर आलेला अर्ज कितीही खरा असला तरी दाखल होत नसे, तसेंच हें.

माझी चूक येथेंच झाली. गाय सायंकाळीं व्याली. वार पडल्याखेरीज चीक पाजूं नये, या समजुतीनें आम्हीं रात्रभर वाट पाहिली. सकाळीं वार पडली तेव्हां पहिल्या चिकाचा खरवस करून शेजाऱ्यांस वांटला व कालवडीस उरलासुरला चीक दिला. तिसऱ्या दिवशीं तिला हगवण लागली. पांचव्या दिवशीं ती गेली. पशुवैद्यांनीं मला विचारलें, "पहिला चीक केव्हां पाजलात?" त्या प्रश्नाचें उत्तर देतांना माझी मान खालीं गेली.

म्हणून बंधूंनो, पुढील गोष्टी कराव्यात. वार पडण्याची वाट न पाहतां जन्मल्यावर तास-दोन तासांत वासरास चीक पाजावा. लुचल्यानें वार पडण्यास उलट मदतच होते. पहिल्या दिवसांत वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे २५ किलोच्या वासरास सुमारें अडीच लिटर चीक पोटांत जावा, व त्यांतील निम्मा पहिल्या सहा तासांत. पुढील तीन-चार दिवसही चीक चालू ठेवावा. व्यावयाची जागा कोरडी व स्वच्छ असावी, आणि नाळेस टिंक्चर आयोडीन लावावें. गाभण गाईस टोंचावयाची लसही निघाली आहे. तिच्याविषयीं पशुवैद्यांस विचारावें. हगवण लागल्यास त्यांस तत्काळ बोलवावें, पण दूध तोडूं नये.

खरवस करूं नये असें माझें म्हणणें नाहीं. वासराचा वाटा आधीं त्याच्या पोटांत जाऊं द्यावा. उरेल त्याचा खरवस खुशाल करावा. तो अधिकच गोड लागेल.