'डिमॉब्ड' (१९४४) : युद्धोत्तर रोजगाराच्या चिंतेचा विनोदी आविष्कार

प्रस्तावना

दुसरे महायुद्ध सुरू असतानाच, १९४४ मध्ये, जॉन ई. ब्लेकली दिग्दर्शित 'डिमॉब्ड' हा ब्रिटिश संगीतप्रधान विनोदी चित्रपट निर्माण झाला. शीर्षकाचा अर्थ सैन्यसेवेतून मुक्त झालेले. प्रत्यक्षात व्यापक सैन्यमुक्तीस जून १९४५ मध्ये प्रारंभ झाला. येऊ घातलेला प्रश्न या चित्रपटाने आधीच, तोही हसत का मांडला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१९१८ मध्ये पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी वीरांना राहण्यायोग्य देश घडविण्याचे आश्वासन दिले होते. तथापि १९२१ मध्ये बेरोजगारांची संख्या २० लाखांवर गेली. पदके लावून रस्त्यावर किरकोळ वस्तू विकणारे माजी सैनिक लोकांच्या स्मरणात राहिले. त्यामुळे मे १९४४ च्या श्वेतपत्रिकेत रोजगाराची उच्च व स्थिर पातळी राखणे ही शासनाची जबाबदारी मानण्यात आली. सैनिकांना पूर्वीच्या नोकरीत परत घेण्याविषयीचा कायदाही त्याच वर्षी झाला.

चित्रपटाचे स्वरूप

ब्लेकली यांची मॅंक्युनियन ही संस्था प्रामुख्याने उत्तर इंग्लंडमधील श्रमिक प्रेक्षकांसाठी चित्रपट काढीत असे. नॉर्मन इव्हान्स, नॅट जॅकली हे नट संगीत-रंगभूमीवरून आलेले. माजी सैनिकांची कामासाठीची धडपड हे कथासूत्र नाममात्र असून विनोदी प्रवेश व गाणी यांनाच प्राधान्य आहे. मात्र या सैल बांधणीस केवळ दोष मानणे योग्य नाही. काम न मिळण्याची भीती प्रेक्षकांच्या परिचयाची होती. ती स्पष्ट करून सांगण्याची गरज नव्हती. ओळखीच्या नटाच्या फजितीतून ती हलकी करणे पुरेसे होते.

येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. श्वेतपत्रिकेने बेरोजगारीचे उत्तर शासकीय धोरणात शोधले, तर विनोदी चित्रपट ते योगायोगात व मैत्रीत शोधतो. पहिल्यात हमी आहे, दुसऱ्यात केवळ दिलासा. जुलै १९४५ च्या निवडणुकीत मतदारांनी पूर्ण रोजगाराचे वचन देणाऱ्या मजूर पक्षास ३९३ जागा दिल्या. हा चित्रपटाचा परिणाम होता असे म्हणता येणार नाही. परंतु दिलाशावर विसंबून राहण्याची जनतेची तयारी नव्हती, एवढे यावरून दिसते.

समारोप

श्वेतपत्रिकेवरून शासनाचा विचार समजतो. जनता कशाला भीत होती, हे तिच्या हसण्यावरून कळते. म्हणूनच कलादृष्ट्या सामान्य ठरणारे असे चित्रपट इतिहासाच्या अध्यापनात दुय्यम मानू नयेत.