चारही बाजूंनी समुद्र, मग बेटावरच्या विहिरीत गोडं पाणी येतं कुठून? आणि ते आता धोक्यात का आलंय?

4 डिसेंबर 2014. मालदीवची राजधानी मालेमध्ये आग लागली. जळाली ती समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पातली यंत्रणा, पण तेवढ्यानं एक लाखाहून जास्त लोकांच्या घरचे नळ कोरडे पडले. बाटलीबंद पाण्यासाठी दुकानांसमोर रांगा लागल्या. दुसऱ्याच दिवशी भारतीय हवाई दलाची विमानं पाणी घेऊन मालेत उतरली, पाठोपाठ नौदलाची 'आयएनएस सुकन्या' पोहोचली. या मोहिमेचं नावच होतं 'ऑपरेशन नीर'.

एका प्रकल्पात बिघाड होतो आणि अख्ख्या राजधानीला शेजारच्या देशाकडे पाणी मागावं लागतं, हे कसं?

त्यासाठी आधी बेटावर पाणी कुठून येतं ते बघू.

खाऱ्या पाण्यावर तरंगणारं गोडं पाणी

मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेला असाल, तर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी बघितल्या असतील. भर समुद्रात गोडं पाणी बघून पर्यटक चकित होतात. पण सिंधुदुर्गाच्या पायाखाली निदान खडक तरी आहे. मालदीव, तुवालू, किरिबाटी किंवा आपलं लक्षद्वीप म्हणजे प्रवाळाची बेटं. जमीन सच्छिद्र, नदी नाही, डोंगर नाही, धरण बांधायला जागाच नाही.

तिथे पाऊस पडला की तो वाळूतून थेट खाली मुरतो. खाली समुद्राचं खारं पाणी असतंच. खारं पाणी गोड्यापेक्षा जड, त्यामुळे गोडं पाणी त्याच्यावर तरंगत राहतं. मधे जाड आणि किनाऱ्याकडे पातळ होत जाणारा, भिंगासारखा हा थर. शास्त्रज्ञही त्याला गोड्या पाण्याचं भिंगच म्हणतात.

याचं गणित मोठं मजेशीर आहे. भूजलाची पातळी समुद्रापेक्षा 10 सेंटीमीटर वर असेल, तर समुद्रपातळीच्या खाली ढोबळमानानं 4 मीटरपर्यंत गोडं पाणी सापडतं. म्हणजे चाळीस पट. पण हेच गणित उलटंही चालतं. मोटार लावून पातळी थोडी जरी खाली ओढली, तरी खालचं खारं पाणी कितीतरी जास्त वर सरकतं. विहीर आटत नाही, ती मचूळ होते. मालेचं भूजल बेसुमार उपसा आणि सांडपाण्यामुळे असंच हातचं गेलं. म्हणून सगळा भार त्या एका प्रकल्पावर आला होता.

समुद्र बेट बुडवेल तेव्हा बुडवेल

हवामान बदल आणि बेटं म्हटलं की आपल्याला पाण्याखाली जाणारी घरं आठवतात. पण पिण्याच्या पाण्याचा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी येऊन उभा राहतो.

समुद्राची पातळी वाढली की वादळाच्या लाटा सखल बेटावरून आरपार जातात. खारं पाणी वरून मुरतं आणि भिंग वरच्या बाजूनं नासतं. 2005 साली कुक आयलंड्समधल्या पुकापुका बेटावर चक्रीवादळात हेच झालं. तिथलं भूजल पुन्हा पिण्याजोगं व्हायला सुमारे 11 महिने लागले. आता अशा लाटा दरवर्षी यायला लागल्या तर? मार्शल आयलंड्समधल्या रोई-नामूर बेटावरचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की बरीचशी प्रवाळ बेटं या शतकाच्या मध्यापर्यंतच राहण्याजोगी उरणार नाहीत. कारण एक भिंग सावरायच्या आत पुढची लाट आलेली असेल.

मुंबईपेक्षा जास्त पाऊस, तरी आणीबाणी

तुवालूची राजधानी फुनाफुटीत वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तरीही सप्टेंबर 2011 मध्ये तिथे पाण्यासाठी आणीबाणी जाहीर करावी लागली. 'ला निना'मुळे कित्येक महिने पावसानं पाठ फिरवली होती. कुटुंबाला दिवसाला दोन बादल्या पाणी मिळत होतं. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियानं पाणी गोडं करणारी यंत्रं पाठवली.

तिथलं बहुतेक पाणी छपरावरून टाकीत येतं. 1 चौरस मीटर छपरावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. 50 चौरस मीटरच्या घरावर 10 मिलिमीटरची एक सर आली की 500 लिटर. छान वाटतं ना? आता सहा जणांच्या घरात माणशी 20 लिटर धरा. रोजचे 120 लिटर, तीन महिने पाऊस नसेल तर 10,800 लिटर. आपल्या गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी तिथे जेमतेम आठ दिवस पुरी पडेल. म्हणजे खरी अडचण पावसाची नाही, टाकीच्या आकाराची, गळक्या पन्हाळीची आणि ती दुरुस्त करायला पैसे कोण देणार याची आहे.

मग सगळीकडे मशीनच का बसवत नाहीत?

बसवतात. मोठ्या आधुनिक प्रकल्पात समुद्राचं 1,000 लिटर पाणी गोडं करायला साधारण 3 ते 4 युनिट वीज लागते, छोट्या प्रकल्पात त्याहून जास्त. बेटावर ही वीज बहुधा बोटीनं आणलेल्या डिझेलवर तयार होते. डिझेल थांबलं की पाणी थांबलं.

लक्षद्वीपनं थोडी वेगळी वाट धरली. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेनं 2005 साली कवरत्तीत रोज 1 लाख लिटर पाणी देणारा प्रकल्प उभारला. समुद्राचं पृष्ठभागावरचं पाणी असतं 28 अंशांच्या आसपास. कमी दाबाच्या टाकीत त्याची वाफ करायची आणि साडेतीनशे मीटर खोलातून ओढून आणलेल्या थंडगार पाण्यानं ती वाफ थंड करायची. जमलेले थेंब म्हणजे गोडं पाणी. गाळण्या लागत नाहीत, रसायनंही जवळपास नाहीत. नंतर मिनिकॉय, अगत्ती आणि इतर बेटांवरही असे प्रकल्प आले. पंप चालवायला वीज मात्र इथेही लागते. म्हणून तीही समुद्राच्या तापमानातल्या फरकातूनच मिळवण्याचा प्रयोग कवरत्तीत हाती घेतला गेला.

तंत्रज्ञान सोपं, जमीन अवघड

किरिबाटीतल्या दक्षिण तारावा या दाट वस्तीच्या भागाला बोनरिकीच्या भिंगातून पाणी मिळतं. तिथे खोल बोअर मारत नाहीत. भूजलाच्या वरच्या थरात छिद्रांचे आडवे पाइप टाकून हलक्या हातानं पाणी काढतात, म्हणजे खालचं खारं पाणी वर येत नाही. उपाय साधा आणि स्वस्त. पण त्या जमिनीवर घरं, डुकरं, शौचालयं असली की तेच पाणी दूषित होतं. म्हणून सरकारनं ती राखीव केली. मालकांना भाडंही दिलं जातं, तरी वाद मिटलेले नाहीत. चिंचोळ्या बेटावर आधीच राहायला जागा नसताना 'इथे घर बांधू नका' हे कुणी मुकाट्यानं का ऐकावं?

मालदीवमध्ये दूरच्या बेटांना कोरड्या महिन्यांत बोटीनं पाणी पोहोचवावं लागत होतं. आता हरित हवामान निधीच्या मदतीनं 49 बेटांसाठी आखलेल्या योजनेत पावसाचं पाणी, भूजल आणि गोड्या पाण्याची यंत्रं यांची सांगड घातली जाते. पावसाळ्यात छपरावरचं पाणी साठवायचं, उन्हाळ्यात मशीन चालवायचं आणि भूजलाला जमेल तेवढी विश्रांती द्यायची. 2014 च्या त्या डिसेंबरात मालेकडे असा एकही जोडीचा पर्याय नव्हता.