स्कीच्या तळावरील कायमस्वरूपी लेप : मेणलेपनाला पर्याय आणि त्याच्या मर्यादा

बीजशब्द : स्की, हिमघर्षण, पॉलिथिलीन, मेणलेपन, फ्लोरिन-संयुगे, कायमस्वरूपी लेप

प्रस्तावना

हिमावरून घसरत जाणाऱ्या स्कीच्या तळाला मेण लावण्याची प्रथा जुनी आहे. नियमित स्की करणाऱ्यास काही दिवसांच्या वापरानंतर तळ स्वच्छ करणे, इस्त्रीने मेण वितळवून पसरणे, थंड झाल्यावर ते खरवडणे व ब्रशने साफ करणे ही सर्व कामे पुन्हा करावी लागतात. एकदाच लेप देऊन या कष्टांतून कायमची सुटका होऊ शकेल काय, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत व्यावहारिक पातळीवर पुढे आला आहे. वरकरणी हा खेळाच्या साहित्याचा प्रश्न वाटतो. परंतु त्यात पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि पर्यावरण यांचा संबंध गुंतलेला आहे.

हिमावरील घर्षणाचे स्वरूप

स्की हिमावरून सहज का घसरते, याचे एक महत्त्वाचे स्पष्टीकरण बाउडेन व ह्यूजेस यांनी १९३९ मध्ये मांडले. स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख येथे केलेल्या प्रयोगांच्या आधारे त्यांनी असे प्रतिपादन केले की, केवळ दाबामुळे नव्हे तर मुख्यतः घर्षणातून निर्माण होणाऱ्या उष्णतेमुळे हिमाचा पृष्ठभाग किंचित वितळतो आणि पाण्याचा अतिशय पातळ थर वंगणाचे काम करतो. अतिथंड हिमात कणांच्या झिजेचाही वाटा असतो, असे अलीकडील निरीक्षणे सुचवितात. पाणी फार कमी असल्यास कोरडे घर्षण वाढते. फार जास्त असल्यास पाणी तळाला चिकटून ओढ निर्माण करते. म्हणूनच तळ पाण्याला दूर सारणारा, म्हणजे जलविरोधी असावा लागतो आणि त्यावर सूक्ष्म रेषांची योग्य नक्षीही असावी लागते.

मेणाचे कार्य

आजच्या चांगल्या स्कीचा तळ अति-उच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनचा असतो. हे बहुवारिक अंशतः स्फटिकमय व अंशतः अस्फटिकी असते. इस्त्रीच्या उष्णतेने पातळ झालेले मेण या अस्फटिकी भागांत काही प्रमाणात शिरते. मेणामुळे तळाची जलविरोधकता वाढते. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे पृष्ठभागाचा कठीणपणा हिमाच्या तापमानानुसार बदलता येतो. अतिथंड हिमाचे कण टोकदार व कठीण असल्याने तेथे कठीण मेण लागते; ओलसर हिमासाठी मऊ मेण उपयोगी पडते. मात्र मेण झिजते, हिमात मिसळते आणि धूळ व घाणही धरून ठेवते. लिओनिद कुझमिन यांनी २००६ मध्ये स्वीडनमधील आपल्या संशोधनात याच मुद्द्यावर बोट ठेवले. पोलादी पात्याने नीट तासलेला, मेणविरहित तळ दीर्घ अंतरावर मेण लावलेल्या तळाच्या तोडीस तोड ठरू शकतो, हा त्यांचा दावा बराच वादग्रस्त ठरला.

फ्लोरिनचा धडा

पृष्ठभागच मुळात जलविरोधी करण्याची कल्पना नवी नाही. बाउडेन यांनीच १९५३ मध्ये टेफ्लॉनसदृश पदार्थाचे हिमावरील घर्षण अत्यल्प असल्याचे दाखविले होते. पुढे स्पर्धात्मक क्षेत्रात फ्लोरिनयुक्त मेणे प्रचलित झाली आणि ओलसर हिमात त्यांनी निर्विवाद लाभ दिला. परंतु या संयुगांतील कार्बन-फ्लोरिन बंध इतका बळकट असतो की, ती निसर्गात सहजासहजी विघटित होत नाहीत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वे व स्वीडनमधील अभ्यासांत मेण लावणाऱ्या तंत्रज्ञांच्या रक्तात अशा आम्लांचे प्रमाण लक्षणीय वाढलेले आढळले. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०१९ मध्ये बंदी जाहीर केली. तपासणीतील अडचणींमुळे लांबलेली ही बंदी २०२३-२४ च्या हंगामापासून पूर्णतः अमलात आली. कायमस्वरूपी लेपांकडे वळलेले लक्ष या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते.

कायमस्वरूपी लेप : लाभ आणि मर्यादा

२०१७ मध्ये अमेरिकेतील डीपीएस या स्की-निर्मात्या कंपनीने 'फँटम' नावाचा लेप बाजारात आणला. द्रवरूपात तळावर लावल्यावर तो पॉलिथिलीनमध्ये झिरपतो व तेथेच घट्ट होतो; आरंभीच्या स्वरूपात त्यासाठी अतिनील किरणांचा उपयोग केला जात असे. मेण निघून जाते, हा लेप तळाचाच भाग बनतो, असा यामागील विचार आहे. वेळ, खर्च व हिमात मिसळणारे मेण या तिन्हींत बचत होते, हे त्याचे उघड लाभ होत.

तथापि तीन मर्यादा विचारात घ्याव्या लागतात. पहिली, लेपाचा कठीणपणा एकच असतो. हिमाचे तापमान मात्र रोज बदलते. त्यामुळे तो सर्व स्थितींत साधारण चांगला ठरला, तरी त्या दिवसाच्या हिमासाठी नेमक्या निवडलेल्या मेणाची बरोबरी प्रत्येक वेळी करील अशी अपेक्षा ठेवता येत नाही. दुसरी, लेप तळाची झीज थांबवीत नाही. कडेजवळचा भाग कठीण बर्फावर घासला जातो आणि दगडी चाकावर तळ पुन्हा घासून घ्यावा लागतो. लेप किती खोलवर झिरपला आहे, यावर त्यानंतरचे त्याचे अस्तित्व अवलंबून राहते. तिसरी, सपाट प्रदेशातील स्कीप्रकारात पाय मारताना पकड देणारे वेगळे मेण लागते. तेथे घसरण वाढविणारा लेप निरुपयोगी होय.

निष्कर्ष

हौशी स्की करणाऱ्यांपैकी अनेक जण मेणलेपन नियमितपणे करीतच नाहीत. त्यांच्या दृष्टीने तुलना उत्तम मेण व लेप यांच्यात नसून कोरडा, दुर्लक्षित तळ व लेप यांच्यात आहे. आणि तेथे लेपाची बाजू सरस ठरते. स्पर्धकासाठी मात्र शतांश सेकंदही मोलाचा असल्याने मेणाची आवश्यकता टिकून राहते. या चर्चेतील अधिक व्यापक प्रश्न 'कायमस्वरूपी' या शब्दाचाच आहे. फ्लोरिनयुक्त मेणाचा जो टिकाऊपणा गुण मानला गेला, तोच पुढे दोष ठरला. तळावरून झिजलेला कण अखेरीस हिमात आणि हिमाचे पाणी ओढ्यानाल्यांत जाते. म्हणून कोणताही लेप स्वीकारताना तो तळावर किती काळ टिकतो याबरोबरच तळावरून सुटल्यावर निसर्गात किती काळ टिकतो, हेही विचारले गेले पाहिजे. या दोन्ही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे देणारा लेपच मेणाला खरा पर्याय म्हणता येईल.