कंबर आणि दहा मिनिटे

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. केज तालुक्यातील युसूफ वडगावच्या परिसरातील भगिनींनाही हे कष्ट नवे नाहीत. दिवसभर पुढे वाकून कोयता चालवायचा, डोक्यावर मोळी वाहायची. मग कंबर दुखणारच. म्हणून शरीराला उलट दिशेचा ताण द्यावा. फजरच्या नमाजनंतर दहा मिनिटे सावकाश भुजंगासन, मार्जारासन व दीर्घ श्वसन करावे. आखडलेली पाठ मोकळी होते. दुखणे जुने असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

‘हे आपले कसे?’ असे कुणी विचारेल. अल्-बिरूनीने सुमारे हजार वर्षांपूर्वी पतंजलींचा योगग्रंथ अरबीत आणला. इबादत फक्त अल्लाहची. हा व्यायाम शरीराचा. आणि शरीर ही अल्लाहने सोपवलेली अमानत आहे.