डॅलसची रात्र, कुडव्यातून

6 जून 2024. दुसऱ्या दिवशी मृग लागायचा होता. गोंदियाजवळच्या आमच्या कुडव्यात घराघरांत पऱ्ह्यांची आणि बियाण्याची बोलणी चाललेली, उकाडा असा की कूलरमध्ये तिसऱ्यांदा पाणी घातलेलं. रात्री गच्चीवर गेलो तर शेजारची चार पोरं विटेला मोबाइल टेकवून सामना बघत बसलेली. टी-20 विश्वचषक, डॅलसमध्ये अमेरिका विरुद्ध पाकिस्तान. म्हटलं, तुमचं काय अडलंय त्यात? एक पोरगा म्हणाला, "काका, हा डावखुरा बॉलर आपला मराठी आहे." मीही सतरंजीवर टेकलो.

तो सौरभ नेत्रावळकर. 1991 साली मुंबईत जन्मलेला. 2010 च्या 19 वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला. के. एल. राहुल, जयदेव उनाडकट त्याच संघातले. सौरभने त्या स्पर्धेत भारतातर्फे सर्वाधिक बळी घेतले, पण उपांत्यपूर्व फेरीत पाकिस्तानने आपल्याला घरी पाठवलं. पुढे 2013 मध्ये मुंबईकडून एक रणजी सामना मिळाला. एकच. अंधेरीच्या सरदार पटेल महाविद्यालयातून संगणक अभियांत्रिकी झालेली होती; 2015 मध्ये तो कॉर्नेल विद्यापीठात शिकायला गेला आणि नंतर ओरॅकल कंपनीत अभियंता झाला. आपल्याकडे अशा वळणावर बॅट-बॉल माळ्यावर जातात. त्याचे गेले नाहीत. नोकरी सांभाळत तो खेळत राहिला आणि काही काळ अमेरिकेचा कर्णधारही होता.

अमेरिकी खेळांच्या इतिहासातले जे क्षण मला सर्वांत मोठे वाटतात, ते सगळे याच जातीचे आहेत. 1950 च्या फुटबॉल विश्वचषकात ब्राझीलच्या बेलो होरिझोंते शहरात अमेरिकेने बलाढ्य इंग्लंडला 1-0 असं हरवलं. गोल करणारा जो गेटजेन्स हैतीहून आलेला विद्यार्थी, न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात भांडी घासून शिकणारा. त्याच्याकडे अमेरिकेचं नागरिकत्वही नव्हतं. गोलरक्षक फ्रँक बोर्गी पोटासाठी शववाहिका चालवायचा. तीस वर्षांनी, 22 फेब्रुवारी 1980 ला, लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये आइस हॉकीच्या अमेरिकी संघातली बहुतेक पोरं कॉलेजातली होती. समोर लागोपाठ चार सुवर्णपदकं जिंकलेला सोव्हिएत संघ. दोनच आठवड्यांपूर्वी त्याच संघाने त्यांना 10-3 असं धुतलं होतं. या वेळी 4-3. पोरं जिंकली.

डॅलसच्या सामन्यानंतर अनेकांनी याच दोन सामन्यांची आठवण काढली, आणि ती योग्यच होती. पाकिस्तानच्या 7 बाद 159. सौरभने रिझवानला स्लिपमध्ये झेल द्यायला लावलं. स्टीव्हन टेलरने तो एका हाताने असा टिपला की गच्चीवरची पोरं ओरडली आणि खालून एका आजीने दम भरला. उत्तरात कर्णधार मोनांक पटेलने 50 केल्या. शेवटच्या चेंडूवर पाच हव्या असताना नितीश कुमारने चौकार मारला. बरोबरी! सुपर ओव्हर!

मोहम्मद आमिरने वाइड टाकत टाकत 18 दिल्या, त्यातल्या 7 अवांतर. मग चेंडू सौरभच्या हातात. पहिला निर्धाव. दुसऱ्यावर चौकार. तिसऱ्यावर इफ्तिखार झेलबाद. शेवटच्या चेंडूवर सात हव्या होत्या, निघाली एकच. चौदा वर्षांपूर्वी पाकिस्ताननेच ज्याला स्पर्धेबाहेर काढलं होतं, त्याच्याच हातून हा शेवट झाला. मध्यरात्र उलटून गेली होती, तरी कुणी उठेना.

पुढचा सामना आमच्या जिवावर आला. 12 जून, न्यूयॉर्कजवळ, समोर भारत. सौरभने कोहलीला पहिल्याच चेंडूवर शून्यावर परत पाठवलं, मग रोहितला 3 वर. टाळी वाजवावी की डोक्याला हात लावावा, कळेना. भारत 111 चा पाठलाग करत होता आणि खेळपट्टी फलंदाजांना जगू देत नव्हती. पुढे सूर्यकुमारचा झेल सौरभकडूनच सुटला आणि सूर्याने अर्धशतक करून सामना आपल्याकडे आणला. तरी अमेरिका पहिल्याच विश्वचषकात सुपर आठमध्ये गेली. स्पर्धेच्या दिवसांत सौरभचा लॅपटॉप त्याच्या सोबत होता. खेळून झालं की हॉटेलात कंपनीचं काम.

क्रिकेट अमेरिकेत नवं आहे, असं समजणाऱ्यांसाठी सांगतो: क्रिकेटमधला पहिला आंतरराष्ट्रीय सामना 1844 मध्ये न्यूयॉर्कला झाला, अमेरिका आणि कॅनडा यांच्यात. पुढे बेसबॉलने तिथलं मैदान व्यापलं. आता 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट परत येतंय, 1900 च्या पॅरिसनंतर पहिल्यांदा.

कुडव्यात, गोंदियात, जिथे कुठे एखादं पोर अभ्यास की खेळ या प्रश्नाशी थांबलं असेल, त्याला सौरभची त्या दोन सामन्यांतली आकडेवारी दाखवा. पाकिस्तानविरुद्ध 4 षटकं, 18 धावा, 2 बळी. भारताविरुद्ध 4 षटकं, 18 धावा, 2 बळी.