गूगलला नीट विचारा: तारोडीवाल्यांसाठी

उत्तन-डोंगरी पट्ट्यात होमस्टे किंवा सुक्या मासळीचा धंदा ऑनलाइन नेणाऱ्यांची पहिली अडचण म्हणजे आपल्या गावांची नावं. नुसतं 'तारोडी' टाकलं की नागपूरकडची तारोडी डोकावते. 'धारावी किल्ला' शोधा, आपल्या चौकचा, 1739 मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला किल्ला हवा असतो आणि समोर येते मुंबईतली धारावी!

उपाय सोपा. शब्द दुहेरी अवतरणात टाका, म्हणजे गूगल तो जसाच्या तसा शोधतं. नको त्या शब्दाआधी वजाचं चिन्ह लावा, पण चिन्ह आणि शब्द यांच्यात जागा सोडू नका. म्हणजे "धारावी किल्ला" -सायन -माहीम. बराचसा कचरा तिथेच गळतो.

माझं आवडतं मात्र 'साइट'. हा शब्द इंग्रजीत लिहा, लगेच अपूर्णविराम आणि वेबसाइटचा पत्ता, पुढे जागा सोडून विषय. प्रतिस्पर्धी होमस्टेच्या साइटवर 'उत्तन' असं तपासलं की त्याने कुठली पानं बनवलीत ते कळतं. त्याच्या पत्त्याऐवजी महापालिकेच्या साइटचा पत्ता आणि सोबत इंग्रजीतच फाइलटाइप, अपूर्णविराम, पीडीएफ असं दिलंत की परिपत्रकं हाती लागतात.

जाहिरातीचा मजकूर लिहिण्याआधी 'इनटायटल' वापरा, तेही इंग्रजीत, लगेच अपूर्णविराम आणि शब्द: शीर्षकातच तो शब्द असलेली पानं दिसतात. स्पेलिंगचा घोळ असेल तर दोन्ही रूपांमध्ये कॅपिटल अक्षरांत 'ओआर' टाका. स्मॉलमध्ये टाकलंत तर तो नुसता शब्द समजला जातो.